लाल दोऱ्याची गोवरी

माघ लागला की माझं डोकं फिरतं. बाकीच्यांना हे दिवस आवडतात. थंडी ओसरायला लागलेली असते, गहू ओंब्यांवर आलेला असतो, तूर घरात येऊन पडलेली असते आणि दुपारच्या उन्हात पाठ शेकत बसायला कुणाचीच ना नसते. मी मात्र वर्ध्याच्या आमच्या घरामागे, दोन खाटा मावतील एवढ्या जागेत, टमाटरच्या झाडांपुढे उभी राहून चरफडत असते. झाडं चांगली आहेत. फळंही भरपूर धरलीत, सगळी एका मापाची, एका रंगाची, गणवेश घालून रांगेत उभी केल्यासारखी. तेच तर दुखणं आहे.

बगलेतली फूट खुडली की बोटांना तो वास लागतो. हिरवा, उग्र, थोडासा औषधी. हात धुताना पाणी पिवळट हिरवं होतं आणि टॉवेल कितीही घासला तरी डाग राहतो. वास अगदी तोच आहे, बाईंच्या झाडांना यायचा तो. पान वासाला खरं आणि फळ चवीला खोटं, असा हा कारभार. दरवर्षी मी या वासाला फसते. वाटतं, मागे वळले तर प्लास्टिकच्या खुर्चीत बाई बसलेल्या असतील आणि म्हणतील, "किती खुडतं व, झाडाले उघडं करतं काय?"

बाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. वर्ध्याजवळच्या आंजी गावाला असतात. माझ्याहून अठरा वर्षांनी मोठ्या. सासूबाई लवकर गेल्यामुळे माझ्या नवऱ्याला, म्हणजे वसंताला, त्यांनीच शाळेत घातलं, चोपलं आणि मोठं केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी माझं कुंदा हे नाव एकदा ऐकून घेतलं आणि लगेच कुंदे करून टाकलं. मी कचेरीत नोकरी करणारी, वर्ध्यात राहणारी, त्या शेतातल्या. आमचं पटायचं नाही असं नाही, पण त्यांच्यापुढे मला कायम परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. भाजी चिरली तरी त्या विळीकडे बघत आणि काही बोलत नसत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांच्या गोठ्यामागे भेदरे असत. टमाटरला आमच्याकडची जुनी माणसं भेदरा म्हणतात, पण माझ्या मनात हे दोन शब्द कधी एक झाले नाहीत. टमाटर बाजारातला. भेदरा बाईंचा. बसका, अंगाला खोल चुण्या, देठाजवळ हिरवा तो हिरवाच, आणि साल इतकी पातळ की पिशवीत घालून वर्ध्यापर्यंत आणला तर अर्धे फुटून पिशवी गळायची. त्याची चटणी बाई चुलीवर करत. निखाऱ्यावर भेदरे आणि हिरव्या मिरच्या भाजायच्या, सालीला काळे फोड आले की पाट्यावर लसूण, मीठ आणि मूठभर सांभार घालून रगडायचं. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे मला पुण्याच्या माझ्या मैत्रिणीला दरवेळी सांगावं लागतं. वरून जवसाचं कच्चं तेल. ज्वारीच्या भाकरीबरोबर ती चटणी खाल्ली की कानशिलांत आंबट कळ यायची. तशी कळ आता येत नाही. मी तीन वर्षं झाली, ती कळ शोधते आहे.

बियांच्या बाबतीत बाईंचा कायदा होता. पहिला घोस देवाचा आणि शेजाऱ्यांचा. दुसऱ्या घोसातला सगळ्यात चांगला भेदरा बियाचा. त्याला लाल दोरा बांधायचा, म्हणजे कुणी हात लावायचा नाही. तो झाडावरच अति पिकू द्यायचा, साल सुरकुतली, थोडा आंबूस वास सुटला की मगच तोडायचा. तोवर तो खायच्या लायकीचा राहत नसे. मग वाळलेल्या गोवरीवर तो पिळायचा, बी बोटानं एकेक करून दाबायचं, वरून चाळलेली राख भुरभुरायची, आणि गोवरी सावलीत वाळली की तोच लाल दोरा तिला बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगून द्यायची. धुरानं किडा लागत नाही. पोळ्याच्या सुमारास गोवरी खाली काढायची, चुरायची आणि बियांसकट मातीत घालायची. खत आणि बी एकाच घासात. "चांगलं ते बियाले, उरलं ते आपल्याले," असं त्या म्हणत. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यात काही वेगळं सांगितलं जातंय असं मला कधी वाटलंच नाही.

तो हिवाळा मी विसरत नाही. पोळा होऊन आठ दिवस झाले होते आणि बाईंना लकवा मारला. डावी बाजू गेली. वाचा वाचली, आणि अशी वाचली की दवाखान्यातल्या नर्सला त्यांनी चादर नीट घालायला शिकवलं. नंतर मालिशसाठी, व्यायामासाठी त्या आमच्याकडे वर्ध्याला येऊन राहिल्या. येताना सामानात दोन लुगडी, औषधांची पिशवी आणि गोवरी. मला म्हणाल्या, "कुंदे, अवंदा तुयाच इथं लाव. माया हात त गेला. आता बी तुया हाती."

मला काय आनंद झाला! खोटं कशाला बोलू, आनंदापेक्षा भीती जास्त वाटली. मी गोवरी चुरली, कुंड्यांत रोप केलं, मागच्या जागेत सात झाडं लावली. बाई खुर्चीत बसून हुकूम सोडत. इथं पाणी जास्त झालं, तिथं काडी तिरपी झाली, हे पान काढ, ते राहू दे. मी कचेरीतून यायची ती थेट मागे. साडीचा पदर खोचलेला, हात हिरवे, आणि मागून सतत बोलणं. कधी कधी वाटायचं, हातातली खुरपी फेकून द्यावी. एकदा म्हटलंसुद्धा, "बाई, मग तुम्हीच करा." त्यावर त्यांनी आपला डावा हात उजव्यानं उचलून मांडीवर ठेवला आणि मला रात्रीची पोळी गोड लागली नाही.

मार्गशीर्षात दुसरा घोस धरला. त्यात एक भेदरा असा आला, की रस्त्यानं जाणारी माणसं कुंपणावरून विचारायची. तळहाताएवढा, बारा चुण्यांचा, लाल म्हणजे किती लाल! बाईंनी खुर्ची जवळ घ्यायला लावली. उजव्या हातात तो भेदरा झाडावरच धरला, अंगठ्यानं त्याची साल फिरवून पाहिली, नाक लावलं. बाजूला केलं आणि पुन्हा लावलं. मी म्हटलं, "खाऊन टाका बाई. बियाला दुसरा ठेवू. झाडं भरलेली आहेत."

"नाई व," त्या म्हणाल्या. "चांगलं ते बियाले. आण दोरा."

मी दोरा आणला. बांधलासुद्धा मीच, त्यांना एका हातानं गाठ मारता येईना. पुढे महिनाभर तो भेदरा पिकत, मऊ पडत, सुरकुतत राहिला आणि बाई रोज सकाळी त्याच्याकडे बघत. माघात तो आम्ही पिळला. आंजीहून गोवरी मागवली होती, कारण बाईंच्या मते शहरातली गोवरी म्हणजे नुसता पेंढा. एकेक बी त्यांनी उजव्या अंगठ्यानं दाबलं. मी फक्त राख भुरभुरली. लाल दोरा फळावरून गोवरीवर आला.

फाल्गुनाच्या शेवटी बाई आंजीला परत गेल्या. नवा गहू आला होता म्हणून शेतात रोडग्यांचा बेत ठरला. इकडे रोडगे म्हणजे साधी गोष्ट नाही. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, त्यासोबत वांग्याची भाजी, वरण, आणि दहा घरची माणसं झाडाखाली. बियाची गोवरी मी त्याच दिवशी बरोबर नेली. बाईंच्या चुलीवर टांगायची, तिथला धूर मिळू द्यायचा, असा माझा विचार. आंजीच्या घरी पोहोचले, हातात गोवरी, खांद्याला पिशवी, तेवढ्यात आतून कुणीतरी कणीक भिजवायला हाक मारली. ओसरीवरच्या छपरीत एक पोतं होतं. मी गोवरी त्यावर ठेवली आणि आत गेले.

पोतं गोवऱ्यांचं होतं.

हे वाक्य लिहिताना आजही स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. मी गोवरी ठेवली कुठे, तर गोवऱ्यांवर! शिकलेली बाई. कचेरीत एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाही कधी. पोतं शेतात गेलं. मी अर्ध्या तासानं परातीसकट तिथे पोहोचले तेव्हा जाळ चांगला धरला होता आणि वसंता हात जोडून उभा होता. मी विचारलं, पाया कुणाच्या पडता आहात? तर मोठ्या भक्तिभावानं म्हणाला, "वहिनीनं पूजेची गोवरी पोत्यावर ठेवली होती न, लाल दोऱ्याची. तीच पयले लावली. जाळ पाह्य कसा धरला."

मी परात खाली ठेवली. दोरा अजून दिसत होता, काळा झालेला, गोल. ती बियाची गोवरी होती, एवढं कसंबसं सांगितलं. वसंताला जेव्हा कळलं तेव्हा त्यानं काय म्हणावं? "लिहून ठेवायचं न मग!" गोवरीवर! मला वाटलं, याला त्याच निखाऱ्यात रोडग्यासारखा फिरवावा. त्या दिवशीचे रोडगे फार चांगले झाले होते असं सगळे म्हणाले. माझ्या तोंडात माती होती.

घरी आलो तर बाई खाटेवर वाट बघत होत्या. "बियाची गोवरी कुठं टांगली व?" त्यांनी विचारलं. आणि मी, क्षणाचाही विचार न करता, म्हणाले, "वर्ध्यालाच टांगलीय बाई. स्वयंपाकघरात." वसंता माझ्याकडे बघून हात धुवायला निघून गेला.

मागे सात झाडं होती ना, त्यांची फळं कुठे गेली, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं. दुसऱ्याच दिवशी पहाटे मागच्या जागेत जाऊन वाळलेल्या झाडांखाली माती उकरली. फाल्गुनातल्या उन्हानं झाडं करपून गेली होती आणि होते नव्हते तेवढे भेदरे मीच चटणीत भाजून संपवले होते. बियाचं काम झालंय, आता खायला हरकत नाही, म्हणून. त्या पावसाळ्यात तिथे काय उगवतं याची मी रोज पाहणी केली. काँग्रेस गवत उगवलं.

मग शोध सुरू झाला. पुलगावच्या बाजारात, नाचणगावच्या एका मळ्यात, जिथे कुणी नाव सांगेल तिथे. देशी भेदऱ्याचं बी म्हटलं की लोक चकचकीत पाकीट काढत. रोहण्याला एका बाईंकडे आहे असं कळलं, तर बस बदलून गेले. ती बिचारी चहा करून म्हणाली, "होते न व माय, दोन सालाआधीपर्यंत होते. सुनेनं म्हटलं, याची साल पातळ, बाजारात नेईपर्यंत फुटते. मंग सोडून देल्ले." दोन साल! मी चहा तसाच टाकून उठले, याची आता लाज वाटते.

शेवटी रोपवाटिकेतून रोपं आणली. हीच ती, गणवेशातली. यांची साल अशी जाड की भाजली तरी फोड येत नाही, सुरी लावली की फळ घसरतं. दर माघात मी त्यांची चटणी करून बाईंना नेते. आंबटपणा यावा म्हणून त्यात चिंचेचा कोळ, थोडा कच्चा टमाटर, एकदा तर लिंबू पिळलं. तीन हिवाळे हा खोटेपणा मी पाट्यावर रगडला आहे. बाई खातात, मान हलवतात. "बरे झाले भेदरे," म्हणतात. आणि मी वर्ध्याऐवजी भलत्याच बसमध्ये बसून देवळीला पोहोचावं अशा मनःस्थितीत घरी येते.

या संक्रांतीला बाई म्हणाल्या, "कुंदे, पुढच्या खेपेले बियाची गोवरी घेऊन येजो. इथं टांगजो, माया डोळ्यापुढं. मी गेल्यावर कोणाले समजन नाई कोणती गोवरी होय त." आता त्यांचं चालणं पूर्ण थांबलंय. खाट छपरीतून आतल्या खोलीत गेली आहे. पंधरा दिवस मला धड झोप नाही. कुठलीही गोवरी घ्यावी, त्यावर या टमाटरचं बी चोपडावं, लाल दोरा बांधावा, कुणाला कळणार आहे? असं मनात आलं. इतकी खाली आले मी. आणि गंमत म्हणजे याही वर्षी मी दुसऱ्या घोसातल्या सगळ्यात चांगल्या फळाला लाल दोरा बांधून ठेवला होता. संकरित फळाचं बी आईसारखं निघत नाही, हे मला माहीत आहे. हाताला माहीत नसावं. परवा सकाळी त्याच दोऱ्याकडे बघून संताप आला. फळ दोऱ्यासकट तोडलं, चटणीच्या डब्याबरोबर पिशवीत टाकलं आणि आंजीची बस धरली.

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. मी पायाशी बसले आणि डबा न उघडताच म्हणाले, "बाई, गोवरी नाही. ती रोडग्यांच्या दिवशी जळली. माझ्या चुकीनं. तीन वर्षं मी तुम्हाला बाजारच्या टमाटरची चटणी खाऊ घालते आहे."

"माईत आहे," बाई म्हणाल्या.

मी डबा मांडीवरून खाली ठेवला.

"मले लकवा हाताले झाला व, जिभेले नाई." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "अन् वसंतानं त्याच दिवशी सांगतलं. तू भांडे घासून राह्यली होती. इथं पायाशी बसून रडला तो. मीच म्हटलं, तिले सांगू नोको."

माझा जो काही भडका उडाला! तीन वर्षं हा माणूस माझ्याबरोबर नर्सऱ्या हिंडला, चिंच भिजत घालताना बघत होता, "चव जमली का?" असंही विचारत होता, आणि दोघांनाही सगळं ठाऊक! "काऊन नाई सांगतलं मले?" मी ओरडलेच, आणि रागात माझ्याही तोंडून बाईंचीच भाषा निघाली.

"सांगतलं असतं त तू लाजेनं येणं बंद केलं असतं," बाई म्हणाल्या. "मंग कोण येते व इथं? आता म्हटलं, बी मांगून पाहू, सांगते का. मी चालली गेली अन् तुया मनात राह्यलं, त ते वाईट."

मला रडायचं होतं की भांडायचं होतं, ठरवता येईना. मी नुसती डब्याचं झाकण उघडत आणि लावत बसले. बाई खिडकीतून गोठ्याकडे बघत होत्या. तिथे आता भेदरे नाहीत, मोटारसायकल उभी असते.

"बी गेलं त्याचं नाई वाटत," त्या हळूच म्हणाल्या. "माणसं जातेत, बी जाईन. पण चाळीस साल सगळ्यात चांगला मी बियाले ठेवला. त्याची चव कशी असते, मले माईतच नाई. त्या साली वास घेतला होता न, तवा लय मन झालतं. जळूनच जायचा होता त खाऊन घेतला असता, कुंदे."

तो माणसं थांबवणारा, बारा चुण्यांचा भेदरा मला दिसला. त्यांच्या नाकाशी धरलेला. मी म्हटलं होतं खाऊन टाका, पण म्हटलं कसं, घाईत, वरवर. पुन्हा एकदा म्हटलं असतं, तर?

मी पिशवीत हात घातला. ते फळ निघालं, दोरा लटकत असलेलं. धुतलं, मीठ लावलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चावा घेतला. रस कोपरापर्यंत ओघळला.

"पानचट आहे," त्या म्हणाल्या. पण खात राहिल्या. सावकाश, पूर्ण, देठापर्यंत. मग उजवा हात तोंडाशी नेला, मूठ माझ्यापुढे केली आणि उघडली. चघळता चघळता त्यांनी बी गालात वेगळं काढून ठेवलं होतं, आता तळहातावर ओलं, पिवळं.

"गोवरी आण."

"बाई, हे संकरित आहे. याचं खरं निघत नाही. काय उगवेल सांगता येत नाही."

"तुले कोणं इचारलं? जे निंघन ते निंघन. आण लवकर, सुकते."

मी गोठ्यामागून गोवरी आणली, चुलीतली राख चाळून आणली. बाईंनी अंगठ्यानं एकेक बी दाबलं, तसंच, पहिल्यासारखं. मी राख भुरभुरली आणि सवयीनं दोरा उचलला.

"लाल नोको बांधू," बाई म्हणाल्या. "वसंता हात जोडते अन् पेटवून देते."